श्रीमंत सयाजीराव महाराज आणि पुस्तकांच्या पेट्या

जुन्नर-आंबेगावच्या खेड्यांत शिक्षकी करिताना पुस्तकांची कुलूपबंद कपाटे पाहिली की, आम्हांस बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे स्मरण होई. कवळाण्याचा हा शेतकरीपुत्र १८७५ साली दत्तक गेला, तेव्हा त्यास फारसे लिहिता-वाचता येत नव्हते. पुढे १९०६ मध्ये महाराजांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु वाचावयास काही नसेल तर शिकलेली अक्षरे विसरतात, हे जाणून १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल बोर्डन यांस पाचारण केले. गावाने वर्गणी जमविल्यास पंचायत व सरकार तितकीच भर घालीत. बडोद्यात स्त्रिया व बालके यांसाठी निराळी दालने उघडली. जेथे वाचनालय नव्हते, तेथे लाकडी पेट्यांतून पुस्तके जात. ने-आणीचा खर्चही, आश्चर्य वाटेल, सरकारच सोशी. १९३९ मध्ये महाराज निवर्तले.