पालेभाजीतल्या जीवनसत्त्वाचा माग काढणाऱ्या डॉ. लुसी विल्स

गरोदर बाईला उपकेंद्रातून लोहाची लाल गोळी मिळते, हे खेड्यापाड्यांत आता घरोघर ठाऊक आहे. त्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोहाबरोबर 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते, म्हणजे 'ब' गटातले नववे जीवनसत्त्व. त्याचा पहिला सुगावा लागला तो आपल्या मुंबईत, आणि तो लावला एका इंग्रज डॉक्टरीणबाईने.

लुसी विल्स यांचा जन्म 1888 सालचा, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळचा. केंब्रिजला त्या आधी वनस्पतिशास्त्र शिकल्या. डॉक्टर झाल्या त्या 1920 साली, वयाच्या बत्तिशीत. दवाखाना थाटण्यापेक्षा प्रयोगशाळेत रक्त तपासण्यातच त्यांचा जीव रमे.

बाळंतपणात बायका का दगावतात, याची चौकशी त्या काळी मुंबईत सुरू होती. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या बोलावण्यावरून 1928 साली लुसीबाई आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत कामाला लागल्या. गिरणी कामगारांच्या गरीब बायकांना गरोदरपणी एक वेगळाच पंडुरोग होई. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. असला पंडुरोग नुसत्या लोहाने हटत नाही. बायका डोळ्यांदेखत मरत.

बाईंनी काय केले, तर त्यांच्या जेवणाची चौकशी केली. डॉ. एस. एन. तळपदे यांच्याबरोबर त्यांनी मुंबईतल्या बायकांचे खाणेपिणे आणि राहणी यांची पाहणी केली. हा रोग जास्त दिसला तो गरीब मुसलमान बायकांत, ज्यांच्या ताटात कसदार असे फारसे काही पडत नव्हते. मग तेच जेवण उंदरांना घातले. त्यांनाही पंडुरोग झाला, यीस्ट दिल्यावर टळला. पण पुढे कळले की उंदरांना उवांमधून एक संसर्गही झाला होता, त्यामुळे निष्कर्ष पक्का धरता येईना. एवढ्यावर दुसरा कोणी नाद सोडून देता. बाईंनी माकडे घेतली.

एका आजारी माकडाला त्यांनी मारमाईट चारले. बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टपासून करतात तो हा काळा, खारट, स्वस्तातला लेप. माकड सुधारले! तोच लेप बायकांना दिला, त्याही उठून बसल्या. 1931 साली हे छापून आले. यकृताचा साधा अर्कही लागू पडे, मात्र जास्त शुद्ध केलेला चालेना. म्हणजे गुण देणारे काहीतरी शुद्ध करतानाच निघून जात होते.

ते काय, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी 1941 साली चार टन पालक वापरून वेगळे काढले. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, त्यावरून फॉलिक हे नाव पडले. लुसीबाईंनी लग्न केले नाही, कामावर सायकलने जात, निवृत्तीनंतर लंडनच्या चेल्सी भागात नगरसेविकाही झाल्या. 1964 साली त्या वारल्या.

हे जीवनसत्त्व पालेभाज्या, हरभरा, मूग, चवळी, शेंगदाणे यांत भरपूर असते. पण ते पाण्यात विरघळते आणि फार शिजवले की नासते. आपल्याकडे भाजी उकडून, पिळून पाणी फेकतात, त्या पाण्याबरोबर तेही मोरीत जाते.

बाईंच्या हयातीत पुरती न कळलेली गोष्ट 1991 सालच्या मोठ्या चाचणीत सिद्ध झाली. मणक्याचे व्यंग असलेले मूल आधी झालेल्या बायकांना दिवस राहण्याआधीपासून फॉलिक आम्ल दिले, तेव्हा पुन्हा तसे मूल होण्याचा धोका जवळपास पाऊणपट घटला. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांत मिटते. आपल्याकडे नाव नोंदवायला बाई पुष्कळदा तिसऱ्या महिन्यात येते. तेव्हा नव्याने लग्न झालेल्या सुनेसाठी ही गोळी आशाताईंकडे आधीच मागावी. तिला पाळी चुकण्याची वाट पाहायला लावू नये.