दुष्काळातील पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचे नाव ज्यास ठाऊक नाही असे घर आमच्या मंडळ्यांत विरळाच. त्यांची विद्वत्ता, विलायतगमन व शास्त्राचे भाषांतर यांविषयी उपदेशकबंधूंनी पुष्कळ ऐकले आहे. आज आम्ही त्यांच्या चरित्रातील एकच भाग सांगू इच्छितो, तो दुष्काळाचा. पाऊस गेला म्हणजे घरात काय होते हे ज्या वाचकांस सांगावे लागत नाही, त्यांस तो जवळचा वाटेल.

बाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ नामक अरण्यात झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. पत्नीस व मुलीस संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांनी स्वजातीचा रोष सोसला. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरे. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि दक्षिणा देणारे हात आखडले. दागिने गेले, भांडी गेली, वस्त्रेही गेली. मोलमजुरीची सवय नाही आणि हात पसरण्याची लाज! (अशी घरे आजही असतात, ती दुष्काळी कामाच्या हजेरीपटावर दिसत नाहीत, म्हणून आम्ही ही गोष्ट मुद्दाम नमूद करतो.) अखेर सर्वजण रानात शिरले व अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर राहिले. पित्याने जलसमाधी घेण्याचे ठरविले होते. परंतु पुत्र श्रीनिवास याने आपण हमालीही करू असे कबूल केले, तेव्हा तो बेत राहिला. तथापि उशीर झाला होता. थोड्याच दिवसांत पिता वारला, मागोमाग माता. मातेच्या प्रेतास खांदा देण्यास पुरेसे लोक मिळेनात, तेव्हा रमेनेही तिरडी उचलली. उंची कमी, म्हणून तिने ती डोक्यावर घेतली. पुढे वडील बहीणही गेली. उरलेली दोघे भावंडे पायी उत्तरेस गेली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीच्या रात्री पांघरूण नसल्यामुळे ती वाळूत खड्डे करून गळ्यापर्यंत स्वतःस पुरून घेत.

कलकत्त्यास १८७८ साली मिळालेला सन्मान, पुढील विवाह, वैधव्य, १८८३ साली इंग्लंडात घेतलेला बाप्तिस्मा आणि १८८९ साली मुंबईस काढलेले शारदा सदन, हे सर्व वाचकांस विदित आहेच. सदन दुसऱ्याच वर्षी पुण्यास आले.

१८९६ साली मध्यप्रांतात मोठा दुष्काळ पडल्याची वार्ता आली. हाती द्रव्य नव्हते. शारदा सदनाचा पैसा उच्चवर्णीय विधवांसाठी होता. परंतु आपल्या तरुणपणीची उपासमार बाईंस आठवली आणि त्या स्वतः निघाल्या. सरकारी छावण्या व गरीबखाने त्यांनी आत जाऊन पाहिले. धान्य वाटले जात होते खरे. पण पोरक्या मुलींभोवती दुष्ट माणसे घिरट्या घालीत होती, आणि ज्यांनी राखण करावयाची त्यांतलेच काही त्यांस सामील होते. भाकरी देऊन मुलगी सुरक्षित होत नाही, हे बाईंनी तेथे पाहिले व निर्भयपणे लिहिलेही.

शेकडो मुली घेऊन त्या पुण्यास आल्या, तो तेथे ग्रंथिसन्निपाताची धास्ती! १८९७ च्या आरंभी अधिकाऱ्यांनी नव्या मुली ठेवण्यास मनाई केली. तेव्हा सोलापूरच्या रेल्वेवर केडगाव येथे बाईंनी घेतलेली जमीन होती, तेथे राहुट्या व झोपड्या उभारून मुली नेण्यात आल्या. अशा मुलांस प्रथमच पोटभर जेवू घातले तर ती दगावतात. थोडे थोडे, वरचेवर द्यावे लागते, आणि रात्री जागावे लागते. इतके करूनही कित्येक वाचल्या नाहीत. २४ सप्टेंबर १८९८ रोजी मुक्तिसदनाची कोनशिला बसली. येथे सर्व जातींच्या मुलींस दार उघडे होते.

पुढील वर्षी पावसाने पुन्हा पाठ फिरविली. १८९९-१९०० चा तो दुष्काळ गुजराथेत फारच भयंकर ठरला. या वेळी बाईंनी आपल्या हाताखालच्या बाया पाठविल्या. वैधव्य, निराधारपणा वा भूक यांचा अनुभव त्यांस स्वतः होता. ओसाड पडलेल्या घरांत एकटे राहिलेले मूल कोठे शोधावे व त्याच्याशी काय बोलावे, हे अशा बाईस शिकवावे लागत नाही. गुजराथेतून तेराशेहून अधिक मुली आल्या. केडगावी माणसांची संख्या एकोणीसशेच्या वर गेली, शिवाय शंभरावर गुरे.

आणि पाणी? केडगावचा मुलूखही कोरडाच. रोज विहिरी उपसून तळाशी जात व संध्याकाळी वाटे की उद्या काही उरले नाही. सकाळी पाहावे तो त्या दिवसापुरते पाणी झिरपून आलेले असे. बाईंनी यात देवाचा हात पाहिला, आणि विहिरी खोदण्याचे कामही थांबविले नाही.

मुलींस नुसते बसवून खाऊ घालणे बाईंस मान्य नव्हते. शेती, विणकाम, दूधदुभते, तेलाचा घाणा, छापखाना असे उद्योग निघाले. कन्या मनोरमाबाई यांनी अंध मुलींस बोटांनी वाचावयास शिकविले. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही केडगावीच निवर्तल्या. त्यांचे संपूर्ण शास्त्राचे मराठी भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्याचे खिळे जुळविले ते मुक्तिसदनाच्या मुलींनी. त्यांतील कित्येकींस पहिले अक्षर केडगावीच समजले होते.