जॉर्ज बर्डवुड : भारतीय कारागिरीचा चाहता, भारतीय कलेचा टीकाकार

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वाचकाला भारतीय कारागिराच्या हातचे तांब्याचे भांडे, मिन्याचा दागिना किंवा शिसवी खुर्ची प्रत्यक्ष पाहावयास मिळणे दुर्मीळ होते. त्याच्यापर्यंत या वस्तू पोहोचल्या त्या पुस्तकांत छापलेल्या कोरीव ठशांच्या चित्रांतून. अशा सचित्र ग्रंथांत सर जॉर्ज बर्डवुड यांच्या १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारताच्या औद्योगिक कलांवरील ग्रंथाचे स्थान महत्त्वाचे आहे. बेळगावात जन्मलेल्या आणि मुंबईत वैद्यक शिकविणाऱ्या या विद्वानाने भारतीय कारागिराची बाजू आयुष्यभर हिरिरीने मांडली. मात्र भारताला ललित कला अशी नाहीच, असा निवाडाही त्यांनीच दिला. त्यांच्या या दोन भूमिकांनी भारतीय कलेकडे पाहण्याच्या दृष्टीवर दीर्घकाळ छाप टाकली.

बेळगाव ते मुंबई

जॉर्ज ख्रिस्तोफर मोल्सवर्थ बर्डवुड यांचा जन्म ८ डिसेंबर १८३२ रोजी बेळगाव येथे झाला. वडील कंपनी सरकारच्या लष्करात अधिकारी होते, तर आईचे वडील बेळगावात मिशनरी म्हणून काम करीत. शिक्षणासाठी त्यांना इंग्लंड व स्कॉटलंड येथे पाठविण्यात आले. एडिंबरो विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन १८५४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. १८५६-५७ च्या इराण युद्धातील कामगिरीनंतर त्यांची नेमणूक मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापक म्हणून झाली.

वनस्पती व औषधी द्रव्ये हे त्यांच्या आवडीचे विषय होते. धूप व लोबान देणाऱ्या झाडांविषयीचा त्यांचा सचित्र निबंध १८७० मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने प्रसिद्ध केला. त्यांपैकी एका प्रजातीला त्यांनी मुंबईतील शास्त्रज्ञ हेन्री कार्टर यांचे, तर दुसरीला गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचे नाव दिले. वस्तू बारकाईने पाहावी, तिचे वर्गीकरण करावे, तिचे चित्र काढून घ्यावे आणि ती कोठून व कशी आली याचा शोध घ्यावा, ही वनस्पतिशास्त्राची शिस्त पुढे त्यांनी भांडी, वस्त्रे व दागिने यांनाही लावली.

संग्रहालयाची उभारणी

मुंबई सरकारचे मध्यवर्ती संग्रहालय त्या काळी कोटातील एका बराकीत होते. १८५७ च्या उठावात ती जागा लष्कराला हवी झाली आणि संग्रहातील वस्तू अक्षरशः बाहेर काढण्यात आल्या. त्यानंतर या विस्कटलेल्या संग्रहाची जबाबदारी बर्डवुड यांच्याकडे आली. १८५८ मध्ये नव्या संग्रहालयासाठी नागरिकांची समिती स्थापन झाली. जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने चाललेल्या या कार्यात डॉ. भाऊ दाजी लाड आणि डॉ. बर्डवुड हे दोघेही अग्रभागी होते. भाऊ दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. वैद्यक आणि प्राच्यविद्या या दोन्ही विषयांत रस असलेली ही दोन माणसे मुंबईच्या सार्वजनिक जीवनात एकत्र आली.

१८६२ मध्ये फ्रियर यांच्या हस्ते भायखळ्याच्या राणीच्या बागेत संग्रहालयाची कोनशिला बसविण्यात आली. त्याच वर्षी बर्डवुड यांनी मुंबई इलाख्यातील आर्थिक उपयोगाच्या पदार्थांची विस्तृत सूची प्रसिद्ध केली. ते मुंबई विद्यापीठाचे निबंधक झाले आणि १८६४ मध्ये नगरपाल, म्हणजे शेरीफही झाले. परंतु प्रकृतीच्या कारणाने १८६८ मध्ये त्यांना भारत सोडावा लागला. १८७२ मध्ये संग्रहालयाचे दरवाजे जनतेला खुले झाले, तेव्हा ते येथे नव्हते. व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट यांच्या नावाने उभारलेली ही वास्तू १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणून ओळखली जाते.

ठशांतून दिसलेला भारत

लंडनला गेल्यावर बर्डवुड इंडिया ऑफिसशी जोडले गेले आणि १९०२ पर्यंत तेथे कार्यरत राहिले. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात भारतीय विभाग मांडण्यात आला. प्रिन्स ऑफ वेल्स यांना १८७५-७६ च्या भारतभेटीत मिळालेले नजराणे त्यात ठेवले होते. या विभागाची माहितीपुस्तिका बर्डवुड यांनी लिहिली. तिचाच विस्तार करून १८८० मध्ये त्यांनी आपला प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या पहिल्या भागात हिंदू देवतांचा परिचय आहे. दुसऱ्या भागात सोन्याचांदीची भांडी, मिनाकाम, शस्त्रे, दागिने, लाकूडकाम, हस्तिदंत, कापड, गालिचे आणि मातीची भांडी यांचा क्रमवार विचार केला आहे.

या ग्रंथातील चित्रे लाकडी ठशांवरून छापलेली आहेत. छायाचित्र थेट मजकुरासोबत छापण्याचे तंत्र तेव्हा रुळलेले नव्हते. बॉक्सवुड या झाडाच्या कठीण लाकडाचा आडवा काप घेऊन त्याचा ठोकळा गुळगुळीत करीत व त्यावर चित्र उलटे उतरवीत. छपाईत जो भाग पांढरा राहावयाचा तो कोरक्या बारीक अणकुचीदार हत्याराने खोदून काढी. उंच राहिलेल्या रेषांना शाई लागे. ठोकळ्याची उंची खिळ्यांइतकीच असल्याने चित्र आणि मजकूर एकाच दाबाखाली छापले जात. याच पद्धतीमुळे १८४० नंतर सचित्र साप्ताहिके आणि प्रदर्शनांच्या सूची स्वस्तात मोठ्या संख्येने छापता येऊ लागल्या.

या चित्रांची एक मर्यादाही होती. वस्तूचा रंग जाई, आकारमान कळत नसे आणि ती घडविणारा हात दिसत नसे. देवघरातील समई किंवा लग्नातील शालू आपल्या घरापासून सुटून कोऱ्या कागदावर एकाकी उभा राही. उरे तो आकार आणि नक्षी, आणि नक्षी म्हटली की तिची नक्कल करता येई. जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ मध्ये भारतीय कापडाच्या ७०० नमुन्यांचे १८ खंड तयार केले. त्यांचे २० संच काढण्यात आले आणि त्यांपैकी १३ ब्रिटनमध्येच ठेवले गेले. भारतीय गिऱ्हाइकाला काय आवडते हे तेथील गिरणीमालकांना कळावे, हा त्यामागील हेतू होता. कारागिराचे कौशल्य जगापुढे मांडणारी साधने त्याच्या पोटावर पाय आणण्यासाठीही वापरली जात होती.

बर्डवुड यांना या धोक्याची जाणीव होती. भारतीय घरात युरोपीय अर्थाने सामानसुमान फारच थोडे असते, हे त्यांनी नोंदविले. मुंबईच्या लाकडी पेट्यांवरील बारीक जडावकाम इराणमधून सिंधमार्गे आले, असा माग त्यांनी काढला. मात्र त्यांच्या लेखनातील खरी तळमळ प्रकटते ती गावकारागिराच्या वर्णनात. कुंभार, विणकर, तांबट आणि सोनार हे गावगाड्यात वंशपरंपरागत हक्काने राहतात, म्हणूनच त्यांची कला टिकली, असे त्यांचे मत होते. या चित्रणातून जातिव्यवस्थेची जाचक बाजू, कर्ज आणि दुष्काळ जवळजवळ वगळले गेले, हे आज ध्यानात घ्यावे लागते.

यंत्राविरुद्धची तक्रार

यंत्राने बनविलेला स्वस्त माल, कृत्रिम रंग आणि तुरुंगांत कैद्यांकडून विणून घेतलेले गालिचे यांमुळे भारतीय कारागिरी खालावत आहे, अशी टीका बर्डवुड यांनी सातत्याने केली. इंग्लंडमध्येही त्या वेळी कारखानदारीविरुद्ध कलावंतांची चळवळ आकार घेत होती. विल्यम मॉरिस, एडवर्ड बर्न-जोन्स यांच्यासह अनेक नामवंतांनी १८७९ मध्ये बर्डवुड यांना आभारपत्र पाठवून त्यांच्या भूमिकेला पाठिंबा दिला. १८८४ मध्ये भारतीय कलेला वाहिलेले एक नियतकालिक सुरू झाले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १८६५ ते १८७५ या काळात शिकविलेले लॉकवुड किपलिंग त्याचे संपादक होते. त्यातील चित्रे विल्यम ग्रिग्ज यांच्या रंगीत शिळाछापाच्या तंत्राने छापली जात. रंगीत छपाई आणि छायाचित्रे यांच्या प्रसारानंतर लाकूड कोरणाऱ्या लंडनच्या कोरक्यांचाही धंदा हळूहळू बसला. भारतीय विणकराची चित्रे कोरणाऱ्या हातांवरही विणकरासारखीच वेळ आली.

एक निवाडा आणि तेरा सह्या

जानेवारी १९१० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये ई. बी. हॅवेल यांचे व्याख्यान झाले. हॅवेल यांनी मद्रास व कलकत्ता येथील कलाशाळांचे नेतृत्व केले होते. भारतीय शिल्प आणि चित्र यांना जगातील श्रेष्ठ कलांच्या पंक्तीत स्थान आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. अध्यक्षस्थानी ७७ वर्षांचे बर्डवुड होते. भारतात सजावटीची कला उत्तम आहे, पण ललित कला नाही, असे मत त्यांनी मांडले. जावातील ध्यानस्थ बुद्धमूर्तीच्या छायाचित्राचा दाखला देऊन, उकडलेल्या चरबीच्या पुडिंगनेही निर्विकार शांतीचे प्रतीक म्हणून तितकेच काम भागेल, अशी उपमा त्यांनी दिली.

या उद्गारांचे तीव्र पडसाद उमटले. २८ फेब्रुवारी १९१० रोजी १३ कलावंत व समीक्षकांच्या सह्यांचे निषेधपत्र लंडनच्या टाइम्स या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. चित्रकार विल्यम रोथेनस्टाईन त्यात पुढे होते. त्याच वर्षी इंडिया सोसायटीची स्थापना झाली आणि आनंद कुमारस्वामी यांच्यासारख्या अभ्यासकांच्या कार्याला तिच्यामुळे बळ मिळाले. याच संस्थेने १९१२ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर यांच्या गीतांजलीची इंग्रजी आवृत्ती प्रथम प्रकाशित केली.

बर्डवुड यांच्या या मताला त्यांच्या साऱ्या कार्याची पार्श्वभूमी होती. कारागिराची थोरवी त्यांना परंपरेत दिसली, व्यक्तीच्या प्रतिभेत नव्हे. ठशांच्या चित्रांखाली वस्तूचे आणि गावाचे नाव असे, घडविणाऱ्याचे क्वचितच. निनावी हातांची स्तुती करता करता त्या हातांमागील विचार करणारा मनुष्य त्यांच्या दृष्टीआड राहिला. त्यामुळे त्यांचे प्रेम खरे असूनही अपुरे ठरले. २८ जून १९१७ रोजी लंडनजवळील ईलिंग येथे त्यांचे निधन झाले.

भिलाईपर्यंत पोहोचणारा प्रश्न

बर्डवुड यांनी उभा केलेला हस्तकौशल्य आणि यंत्र यांच्यातील प्रश्न पुढे मध्य भारतातही आला. छत्तीसगडचा प्रदेश १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता आणि १८६१ पासून नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात मोडत असे. येथील लोहार लहान भट्ट्यांत कोळशावर लोखंड गाळीत. १८८७ मध्ये भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी दल्ली-राजहरा भागातील लोहखनिजाची नोंद केली. भारताने आधुनिक उद्योग उभारावेत या विचाराचे बोस पुरस्कर्ते होते. पुढे १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. देशभरातून कामगार व अभियंते तेथे आले, त्यांत अनेक मराठी कुटुंबेही होती.

यंत्र आले की हाताची कला संपते, ही बर्डवुड यांची भीती येथे पूर्णपणे खरी ठरली नाही. याच राज्यातील बस्तरमध्ये मेणाच्या साच्यातून पितळी मूर्ती ओतण्याची ढोकरा कला आणि लोहशिल्पाची परंपरा आजही जिवंत आहे. या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कोंडागावचे दिवंगत कलावंत जयदेव बघेल यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला आणि त्यांची कामे त्यांच्याच नावाने ओळखली जातात. ज्याचे नाव चित्राखाली लिहिण्याची गरज शंभर वर्षांपूर्वी फारशी कोणाला वाटली नाही, तो कारागीर येथे नावानिशी कलावंत म्हणून उभा आहे.

तरीही कला आणि हस्तकला यांच्यातील भिंत पुरती पडलेली नाही. एकीचे स्थान कलादालनात आणि दुसरीचे विक्रीकेंद्रात, असा भेद आजही दिसतो आणि त्याचा परिणाम कारागिराच्या मोबदल्यावर होतो. बर्डवुड यांच्या ग्रंथाचे मोल त्यातील चित्रांमुळे आणि तपशिलांमुळे कायम आहे. त्यांतील अनेक वस्तूंची त्या काळातील नोंद इतकी बारकाईने अन्यत्र सापडणे कठीण. परंतु त्या वस्तू घडविणाऱ्यांना कलावंत म्हणून मान देण्याचे जे काम त्यांच्याकडून राहून गेले, ते पुढच्या पिढ्यांवर येऊन पडले आहे.