शिक्षकांना पहिल्याच तासाला एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत नेणारा डॉक्टर

१९२० च्या दशकातली गोष्ट. पोलंडच्या वॉर्सा शहरात विशेष मुलांच्या शिक्षकांना तयार करणारी एक सरकारी संस्था नुकतीच सुरू झाली होती. तिथल्या विद्यार्थ्यांना एका तासासाठी वर्गाऐवजी हॉस्पिटलच्या एक्स-रे रूममध्ये बोलावण्यात आलं. शिकवायला आलेल्या डॉक्टरांनी एका लहान मुलाचा हात धरला होता. त्यांनी त्याला मशीनच्या मागं उभं केलं आणि दिवे घालवले. अंधार, अनोळखी माणसं, समोर मशीन. पोरगं पुरतं घाबरलेलं. पडद्यावर त्याचं काळीज धडाधडा उडताना सगळ्यांना दिसत होतं. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की मुलावर चिडाल, हात उचलावासा वाटेल, तेव्हा हे काळीज आठवा. तास संपला.

या डॉक्टरांचं नाव यानूश कॉर्चाक.

जगाला ते आठवतात त्यांच्या मृत्यूमुळं. पण त्याआधीची तीस वर्षं हा माणूस एकाच प्रश्नाच्या मागं होता: मुलं ज्या मोठ्यांच्या ताब्यात असतात, त्या मोठ्यांना तयार कोण करणार?

खरं नाव हेन्रिक गोल्डश्मिट. जन्म वॉर्सातल्या एका सुखवस्तू ज्यू घरातला. तारीख २२ जुलै, पण साल १८७८ की १८७९ हे त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं, कारण वडिलांनी जन्माची नोंद वेळेत केलीच नाही. वडील नावाजलेले वकील. पुढं त्यांना मानसिक आजार जडला, वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं आणि १८९६ मध्ये ते गेले. उपचारांत घरचा पैसा संपला. शाळकरी हेन्रिक शिकवण्या घेऊन घर चालवायला लागला. आपल्यालाही हाच आजार होईल ही भीती त्यांच्या मनातून कधी गेली नाही. त्यांनी लग्न केलं नाही, स्वतःचं मूल होऊ दिलं नाही. मुलांच्या मनातल्या भीतीबद्दल ते इतकं नेमकं का लिहू शकले, याचं उत्तर बहुधा इथं आहे.

त्यांनी डॉक्टरकी शिकली, टोपणनावानं लिहायला सुरुवात केली, मुलांच्या हॉस्पिटलात काही वर्षं नोकरी केली. प्रॅक्टिस उत्तम चालली असती. पण १९१२ मध्ये वॉर्साच्या क्रोखमाल्ना रस्त्यावर ज्यू अनाथ मुलांसाठी मोठी इमारत उभी राहिली आणि कॉर्चाक तिचे संचालक होऊन तिथंच राहायला गेले. सोबत स्टेफानिया विल्चिन्स्का. मुलं त्यांना स्टेफाबाई म्हणायची. आश्रम रोजच्या रोज प्रत्यक्षात त्याच चालवत. पहिल्या महायुद्धात कॉर्चाक आघाडीवर गेले, तेव्हा तर सगळा भार एकट्या बाईंवर होता. कॉर्चाकांच्या गोष्टीत त्यांचं नाव एका ओळीत उरकलं जातं, हे काही बरोबर नाही.

आता मुद्द्याचं. आश्रमात मुलांच्या सुरक्षेसाठी नेमकं काय होतं?

एक पत्रपेटी होती. तोंडानं सांगता येत नाही ते मुलानं लिहून टाकायचं. नव्या मुलाला पहिले तीन महिने एक मोठं मूल पालक म्हणून मिळायचं, म्हणजे घाबरलेलं पोर गर्दीत एकटं पडत नसे. दर आठवड्याला कॉर्चाक स्वतः मुलांचं वजन करत. वजन घटलं की काहीतरी बिनसलंय, मग ते शरीरात असो नाहीतर मनात. मारामाऱ्या करणाऱ्या मुलांना ते उपदेश करत नसत, पैज लावत. या आठवड्यात किती मारामाऱ्या करशील? पुढच्या आठवड्यात एक कमी जमेल? जमलं तर गोळ्या मिळत. जमलं की नाही ते मुलानंच सांगायचं आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा.

आणि होतं कोर्ट. न्यायाधीश पाच मुलं, त्या आठवड्यात ज्यांच्यावर तक्रार नाही त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून निवडलेली. कायद्याची पहिली ९९ कलमं या ना त्या कारणानं माफ करण्याची. शंभराव्या कलमापासून दोष सिद्ध व्हायचा, आणि शेवटचं १००० वं कलम म्हणजे आश्रमातून काढून टाकणं. शिक्षकांवरही खटला भरता येई. खुद्द कॉर्चाकांवर सहा महिन्यांत पाच खटले झाले. हे सगळं सुरळीत चाललं असं मात्र नाही. मुलांनी कोर्टाचा खेळखंडोबा केला तेव्हा ते काही आठवडे बंद ठेवावं लागलं, नियम बदलावे लागले. कॉर्चाकांनी हे अपयश लपवलं नाही, पुस्तकात लिहून टाकलं. तरुणपणी एका उन्हाळी शिबिरात आपला ताबा सुटला आणि मुलांना दमदाटी केली, हेही त्यांनी नव्या शिक्षकांसाठी लिहून ठेवलंय.

१९२० च्या दशकातच आश्रमात 'बुर्सा' सुरू झाली. शिक्षक होऊ पाहणाऱ्या तरुणांना तिथं राहणं-खाणं मिळायचं आणि बदल्यात रोज काही तास मुलांसोबत काम करायचं. दिवसभरात काय दिसलं, कुठं अडलं, कशाचा राग आला ते वहीत उतरवायचं. स्टेफाबाई त्या वह्या वाचत आणि समासात उत्तरं लिहीत. अमुक मूल वाईट आहे असं लिहून चालत नसे. ते कधी, कुणाशी, कशानंतर असं वागलं हे लिहावं लागे. आज शिक्षकांच्या प्रशिक्षणात मुलाचं वागणं आधी नोंदवा, शिक्का नंतर, असं शिकवतात. इथं ते शंभर वर्षांपूर्वी वहीवर चाललं होतं.

टीकाही झाली. चौदाव्या वर्षी मुलांना आश्रम सोडावा लागे. आतल्या न्यायी जगातून ती थेट बाहेरच्या बेकारीत आणि ज्यूद्वेषात पडत. काही माजी विद्यार्थ्यांनी त्याबद्दल कडू बोल सुनावले, आणि ते अगदी चूक नव्हते.

१९३० च्या दशकात कॉर्चाक रेडिओवर 'म्हातारा डॉक्टर' या नावानं बोलत. पोलंडभर लोक ऐकत, पण बोलणारा ज्यू आहे हे जाहीर होत नसे. १९३६ मध्ये कार्यक्रम बंद पडला. स्टेफाबाई १९३८ मध्ये पॅलेस्टाईनला गेल्या होत्या. युद्धाचे ढग दिसत असतानाही १९३९ मध्ये त्या परत आल्या.

१९४० च्या नोव्हेंबरमध्ये नाझींनी आश्रमाला घेटोत हलवलं. वाटेत मुलांच्या बटाट्यांची गाडी जप्त झाली. कॉर्चाक जाब विचारायला जर्मन कचेरीत गेले आणि तुरुंगात पडले. सुटल्यावर वय साठीच्या पुढं, तब्येत खालावलेली, तरी घरोघर फिरून मुलांसाठी अन्न मागत. १९४२ च्या सुरुवातीला त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतलं. झेल्ना रस्त्यावरच्या एका निवाऱ्यात सुमारे हजार मुलं होती, रोज मरत होती, आणि तिथलेच काही कर्मचारी मुलांचं अन्न चोरत होते. कॉर्चाकांनी रीतसर अर्ज करून तिथं नोकरी मागितली.

१८ जुलै १९४२ ला आश्रमातल्या मुलांनी नाटक केलं. रवींद्रनाथ टागोरांचं 'डाकघर'. खोलीत अडकलेला आजारी अमल राजाच्या पत्राची वाट बघतो आणि शांतपणे डोळे मिटतो. हेच नाटक का, तर मरण जवळ आलं तर मुलांना ते स्वीकारता यावं, असा कॉर्चाकांचा विचार होता असं सांगतात. चारच दिवसांनी घेटोतून माणसं छळछावणीत नेणं सुरू झालं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आश्रमाची पाळी आली. कॉर्चाकांना बाहेर काढायला पोलिश मित्र तयार होते, त्याआधीही अनेकदा प्रयत्न झाले होते. त्यांनी नकार दिला. सुमारे २०० मुलं, स्टेफाबाई आणि बाकीचे शिक्षक रांगेनं स्टेशनपर्यंत चालत गेले. गाडी त्रेब्लिंकाला गेली. कुणीच परतलं नाही.

कॉर्चाकांची डायरी मात्र वाचली आणि युद्धानंतर छापली गेली. क्रोखमाल्नावरची इमारतही आज उभी आहे. १९७८ मध्ये बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार करण्याचा प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांत मांडला तो पोलंडनं. १९८९ मध्ये करार मंजूर झाला, १९९२ मध्ये भारतानं तो स्वीकारला. २००९ च्या आपल्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ सांगतं की शाळेत मुलाला मारायचं नाही आणि त्याचा मानसिक छळही करायचा नाही. तसं करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.