पाणी रिकामे करणारा माणूस

आपल्या बेटाला मॉरिशस हे नाव १५९८ साली डच खलाशांनी दिले, हे आपण शाळेत शिकलो आहोत. ते नाव हॉलंडच्या राजपुत्र मॉरिट्सचे. याच राजपुत्रासमोर १६०५ साली एका सुताराने पाण्याखाली राहून दाखवण्याचा प्रयोग केला. त्या सुताराचा परिचय आम्ही आज करून देणार आहोत.

यान लेखवाटर यांचा जन्म १५७५ साली उत्तर हॉलंडमधील डे रैप या गावी झाला. डच भाषेत त्यांच्या आडनावाचा अर्थ 'रिकामे पाणी' असा होतो आणि त्यांचे कामही तेच होते. बेमस्टर नावाचे मोठे तळे पवनचक्क्यांनी उपसून १६१२ साली तेथे शेतजमीन तयार झाली. त्या चक्क्यांच्या कामात लेखवाटर यांचा मोठा वाटा होता. मधेच बांध फुटून तळे पुन्हा भरले होते, तरी काम सोडले नाही. कारण अॅमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी समुद्रव्यापारातला नफा त्यात घातला होता.

हार्लेमचे तळे मात्र याहून भयंकर होते. दर वादळात ते काठ खात असे. व्हेनेप नावाचे जुने गाव त्याने असेच गिळले. १६४१ साली लेखवाटर यांनी पुस्तक लिहून योजना मांडली: १६० पवनचक्क्या आणि ३६ लाख गिल्डर खर्च. योजना चांगली होती, पण देश स्पेनशी लढत होता आणि एवढा पैसा उभा राहिला नाही. १६५० साली लेखवाटर वारले. तळे तसेच राहिले.

पुढे १८३६ च्या वादळांत पाणी अॅमस्टरडॅम आणि लायडनपर्यंत आले, तेव्हा सरकार जागे झाले. कर्ज काढून वाफेचे तीन पंप बसवले गेले. त्यांतील एकाला लेखवाटर यांचेच नाव दिले. १८४९ ते १८५२ या काळात तळे कोरडे झाले आणि सुमारे १८,००० हेक्टर जमीन मिळाली. बुडालेल्या गावाच्या आठवणीने तेथे नीउ-व्हेनेप, म्हणजे नवे व्हेनेप, उभे राहिले. पहिल्या शेतकऱ्यांनी ताप आणि पटकी सोसली. आज जवळच स्खिपोल विमानतळ आहे, तोही त्याच तळ्याच्या तळावर.

लेखवाटर यांची बुद्धी कमी पडली नाही, देशाची तिजोरी कमी पडली. म्हणून दोनशे वर्षे लोकांची घरेदारे पाण्यात गेली. आपल्या पूर्वजांनाही हे ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साखर कारखानदारांनी जमिनीचे तुकडे विकायला काढले, तेव्हा ज्यांच्या गाठीला चार पैसे होते, त्यांनाच ते घेता आले.

म्हणून मुलांनो, मोठी योजना जरूर आखा. पण तिच्यासाठी घरात आणि देशात शिल्लक ठेवायलाही शिका. नुसता नकाशा काढून जमीन कोरडी होत नाही.