माधव श्रीहरी अणे

माधव श्रीहरी अणे ऊर्फ लोकनायक बापूजी अणे (जन्म : २९ ऑगस्ट १८८०, वणी, जि. यवतमाळ; मृत्यू : २६ जानेवारी १९६८) हे विदर्भातील विधिज्ञ, संसदपटू व संस्कृतचे व्यासंगी पंडित होते.

नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. काही काळ अमरावतीत शिक्षकी केल्यावर १९०८ पासून ते यवतमाळला वकिली करू लागले. लोकमान्य टिळकांचे ते निष्ठावंत अनुयायी होते. कायदेमंडळात शिरून सरकारशी झुंजावे, या मताचे असल्याने १९२४ मध्ये ते मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. मात्र सत्याग्रहाची वेळ आली तेव्हा ते मागे राहिले नाहीत. १० जुलै १९३० रोजी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून त्यांनी जंगल सत्याग्रहाला आरंभ केला व कारावास पत्करला. १९३३ मध्ये ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते; पुढे जातीय निवाड्याच्या प्रश्नावर मालवीयांसह त्यांनी वेगळा पक्ष काढला.

१९४१ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्यत्व स्वीकारले. हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत वादग्रस्त निर्णय होय. पुढच्याच वर्षी त्यांची कसोटी लागली. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे उठाव झाला, त्यात सरकारी अधिकारी मारले गेले आणि नंतर लष्कराने गावात, विशेषतः स्त्रियांवर, अत्याचार केल्याच्या तक्रारी आल्या. चौकशी होईना. तेव्हा सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी थेट दिल्लीत अणे यांच्या घरी जाऊन उपोषणास बसले. सरकारने त्यांना तेथून हलविले. पुढे त्यांचे उपोषण ६३ दिवस चालले व १२ जानेवारी १९४३ रोजी सुटले. चिमूर हे अणे यांच्या वणीपासून फार दूर नाही, त्यामुळे विदर्भात त्यांच्या मौनाची बोच अधिक होती. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणप्रसंगी होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह त्यांनी राजीनामा दिला. चिमूरसाठी मात्र तो दिला नव्हता.

त्यानंतर ते सिलोनमध्ये भारताचे प्रतिनिधी व १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल होते. स्वतंत्र विदर्भाची मागणी त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. याच मागणीसाठी ते १९५९ व १९६२ मध्ये नागपुरातून लोकसभेवर निवडून आले. १९६८ मध्ये त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले. टिळकांवरील त्यांच्या ‘तिलकयशोऽर्णवः’ या संस्कृत महाकाव्यास १९७३ मध्ये मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.