दुसरे टिळक : ज्यांनी अभंग-कीर्तनातून ख्रिस्त सांगितला आणि शेवटी मिशनचा पगार सोडला

टिळक म्हटलं की डोळ्यांसमोर पुणेरी पगडी येते. पण त्याच काळात महाराष्ट्रात आणखी एक टिळक होते. तेही कोकणातल्या चित्पावन घरातले आणि तेही संस्कृतात मुरलेले. शाळेत ज्यांनी 'केवढे हे क्रौर्य' पाठ केली आहे, त्यांना हे टिळक माहीत आहेत, फक्त नाव चटकन आठवत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक.

नावामागचा 'रेव्हरंड' हाच त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा वादाचा मुद्दा होता.

6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात त्यांचा जन्म झाला. लहानपणी आई गेली, वडिलांचा स्वभाव कडक. पोरगा घराबाहेरच वाढला. कविता, संस्कृत, वक्तृत्व सगळं होतं, फक्त एका जागी टिकणं नव्हतं. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका अकराव्या वर्षी त्यांची बायको झाली, म्हणजे आपल्या लक्ष्मीबाई टिळक. नोकऱ्या धरायच्या, सोडायच्या, न सांगता घरातून निघून जायचं, हातातले पैसे रस्त्यात भेटलेल्याला देऊन टाकायचे. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचताना हसू येतं, पण हा संसार ज्या बाईने केला तिला तेव्हा किती हसू आलं असेल, हा प्रश्नच आहे.

नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ते धर्मग्रंथांचं काम करत होते. 'ऋषी' नावाचं मासिकही चालवत होते. म्हणजे माणूस धर्माला कंटाळलेला नव्हता. उलट, जात बाजूला ठेवून देशाला एकत्र आणेल असा धर्म कुठे सापडतो का, याच शोधात होता.

मग आला 1893 सालचा तो रेल्वेप्रवास.

टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ. त्या काळात साहेब आणि नेटिव्ह एका डब्यात म्हणजे बहुतेक वेळा अपमानच. पण या माणसाने सरकून जागा दिली आणि संस्कृत काव्यावर गप्पा सुरू केल्या. बऱ्याच वेळाने विषय ख्रिस्ताकडे वळला. उतरताना त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवली, वाचण्याचं वचन घेतलं आणि सांगितलं की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं. त्या माणसाचं नाव त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

वचन दिलं म्हणून वाचायला घेतलं आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. शत्रूवरही प्रेम करायला सांगणारी ती पानं त्यांना सोडवेनात. मग त्यांनी 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती पत्राला टोपणनावाने पत्रं लिहायला सुरुवात केली. पलीकडे होते अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट. (हेच ॲबट पुढे म्हातारपणी मराठी संतांची चरित्रं इंग्रजीत नेण्यात रमले.) 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. रेल्वेतल्या भाकिताची दोन वर्षं जवळपास भरत आली होती.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. खरी अडचण पुढे होती.

लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या नातलगांत होत्या, मुलगा दत्तू लहान. बातमी कळली आणि घरात मरण आल्यासारखं झालं. नवरा जिवंत, पण बाटलेला. त्याच्या हातचं पाणी चालणार नाही, त्याच्यासोबत राहिलं तर आपणही जातीबाहेर. दोघं चार वर्षांहून जास्त काळ वेगळी राहिली. 1866 च्या एका कायद्याने अशा धर्मांतरित माणसाला, जोडीदार यायला तयार नसेल तर, कोर्टातून लग्न मोडून घेता येत होतं. टिळकांनी तो रस्ता धरला नाही. पत्रं लिहिली, कविता लिहिल्या, वाट पाहिली.

शेवटी लक्ष्मीबाई परत आल्या त्या ख्रिस्ती व्हायला नव्हे, संसार करायला. सोवळं त्यांचं, चूल त्यांची, पाणी त्यांचं वेगळं. हजारोंच्या सभा जिंकणाऱ्या या प्रचारकाच्या स्वतःच्याच घरात त्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं! टिळकांनी ही सोय मान्य केली. पुढे एक दिवस लक्ष्मीबाईंनी एकट्याने बसून विचार केला की जाती देवाने केल्या की माणसांनी, आणि कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवून टाकलं. ख्रिस्ताकडे त्या त्यानंतर वळल्या. 1900 साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला.

टिळकांच्या सगळ्या धर्मप्रचारात हा भाग सगळ्यात मोठा मानायला हवा. कारण इथे सभा नव्हती, टाळ्या नव्हत्या आणि घाई करायचा हक्क हातात असून त्यांनी घाई केली नाही.

अहमदनगरला आल्यावर टिळक मिशनच्या धर्मशिक्षण शाळेत शिकवू लागले, 1904 मध्ये रीतसर पाळक झाले. तिथल्या चर्चमध्ये त्यांना एक गोष्ट खटकत होती. गाणी इंग्रजी चालींवर बेतलेली, मराठी भाषांतर ओढूनताणून केलेलं, प्रवचनाची धाटणी परदेशी. नगर जिल्ह्यातले बहुतेक ख्रिस्ती महार-मांग वस्त्यांतून आलेले. भजन त्यांच्या कानात जन्मापासून होतं आणि देवळात मात्र हार्मोनियमवर अनोळखी सूर!

टिळकांनी अभंग लिहिले, पदं लिहिली. कीर्तनात नामदेव-तुकारामांच्या जागी येशूची कथा आणली आणि पूर्वरंग-उत्तररंगाचा साचा तसाच ठेवला. गावकरी ऐकायला बसायचे, कारण ही बैठक त्यांच्या ओळखीची होती. आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, असं टिळक उघड सांगायचे. संतांना खोटं ठरवल्याशिवाय ख्रिस्त सांगता येतो, हे काही मिशनऱ्यांना पचायला जड गेलं. इकडे जुन्या मंडळींना वाटायचं की हा आपलीच टाळ-चिपळी घेऊन आपली माणसं पळवतोय. या दुसऱ्या आक्षेपात अजिबात तथ्य नव्हतं असं म्हणता येणार नाही. टिळकांना लोक ख्रिस्ताकडे यायलाच हवे होते, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

पण त्यांच्या घरात राहायला धर्म बदलावा लागत नव्हता. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात चमकलेला त्र्यंबक ठोमरे नावाचा पोरगा पुढे नगरला टिळकांच्या घरात मुलासारखा राहिला. तो हिंदूच राहिला आणि मराठीचा बालकवी झाला.

1912 पासून ज्या 'ज्ञानोदय'ला कधी टोपणनावाने पत्रं लिहिली, त्याच्याच मराठी विभागाचे ते संपादक होते. नाव, मान, दरमहा पगार, सगळं होतं. 1917 मध्ये त्यांनी पगार सोडला. मिशनशी भांडण हे कारण नव्हतं. परदेशातून येणारे पैसे घेऊन आपण ख्रिस्त सांगतो तोवर ऐकणाऱ्याला तो साहेबाचाच देव वाटणार, हे त्यांना टोचत होतं. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ही कल्पना चर्चच्या चौकटीत बसणारी नव्हती आणि टिळकांना ते ठाऊक होतं.

दरबाराला जेमतेम दीड-पावणेदोन वर्षं मिळाली. 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळक वारले. त्यांच्या इच्छेनुसार देह पुरला नाही, दहन केला.

मागे राहिलं एक अर्धवट काम. ख्रिस्ताचं चरित्र मराठी ओवीत सांगणारं 'ख्रिस्तायन' त्यांनी हाती घेतलं होतं आणि सुरुवातीचे थोडेच अध्याय झाले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले, ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं आणि ज्यांनी कधीकाळी या नवऱ्याच्या हातचं पाणी नाकारलं होतं. 1936 मध्ये त्याही गेल्या. शेवटचा अध्याय दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी पुरा केला आणि 1938 मध्ये पुस्तक छापून आलं.